खोली एक आणि खोली नऊ

पाणीपुरवठा कार्यालयातल्या टंकलेखिका ताईंचा हात इतका बसलेला होता, की त्या कीबोर्डकडे बघतही नसत. म्हणूनच त्यांची नजर अधू होत चालल्याचं आठ महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. स्क्रीनवरची अक्षरं धुक्यात गेल्यासारखी दिसत. डॉक्टरकडे जायचं मात्र त्या टाळत होत्या. त्यांच्या आईची नजर अशीच हळूहळू गेली होती आणि शेवटची सहा वर्षं ती भिंत चाचपत घरात वावरली होती.

घरी नवऱ्यानं एकदा विचारलं, "हल्ली सुईत दोरा ओवायला मला का देतेस?"

"रिटायर झालात ना, हाताला काम नको?" म्हणून ताईंनी विषय उडवून लावला.

पण त्या आठवड्यात एका पत्रावर चुकीची तारीख गेली. साहेबांनी नुसतं बघितलं. ताईंना तेवढं पुरलं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी अर्ज टाइप केला : 'नजर साथ देत नसल्यामुळे माझ्या हातून अचूक काम होत नाही. माझ्या चुका दुसऱ्यांना निस्तराव्या लागण्याआधी मला सेवेतून मोकळं करावं.'

मग प्रिंट दिली. यादीत दोन प्रिंटर होते, खोली १ आणि खोली ९. ताईंना दोन्ही आकडे सारखेच दिसले. त्यांनी त्यातल्या त्यात ओळखीचा वाटला तो निवडला. कोपऱ्यातला प्रिंटर ढिम्म हलेना. त्यांनी कागद पाहिले, झाकण थोपटलं, "रुसलास का रे बाबा?" असंही विचारून झालं. पुन्हा प्रिंट दिली. असं चार वेळा.

पाच मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली. खोली नऊमधल्या, नकाशा शाखेच्या प्रमुख बाई दारात उभ्या. त्यांच्या जिभेमुळे सगळे त्यांना मागे 'करवत' म्हणत. हातात घडी घातलेले चार कागद.

"हे तुमचं. वरच्या प्रिंटरवर आलं."

ताई खुर्चीतून अर्धवट उठल्या. "वाचलंत?"

"पहिला वाचला, आमच्या कामाचा असेल म्हणून. उरलेले तीन नाही वाचले."

ताईंना हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. बाईंनी शेजारची खुर्ची ओढली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दाखवलंच नाही."

"म्हणजे तपासणीच्या आधीच निकाल लावून मोकळ्या?"

ताईंनी मग आईचं सांगितलं. बाईंनी चारही कागद त्यांच्यापुढे ठेवले. "अर्ज द्यायचा तर द्या, मी अडवणारी कोण? पण आधी डोळे दाखवा. उद्या मी येते. औषधाचे थेंब घातल्यावर एकटीला रस्ता सुधरत नाही."

"तुम्ही कशाला?"

"घरच्यांना सांगायला तुमची जीभ रेटत नाही. मी कुठे घरची आहे?"

जाता जाता त्यांनी माउस हातात घेतला, स्क्रीनवरची अक्षरं दुप्पट मोठी केली आणि प्रिंटरची नावं बदलली : 'शेजारचा' आणि 'वरचा'. "एक आणि नऊ असे लागून ठेवणाऱ्याचेच डोळे आधी तपासायला हवेत," त्या पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. "तुम्ही सांगताय त्यावरून आईंना बहुधा काचबिंदू झाला असावा. तोही पाहिला, तुम्हाला त्याची काही लक्षणं नाहीत. ऑपरेशननंतर छान दिसेल."

त्या संध्याकाळी ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. "आठ महिने एकटीनं सोसलंस?" एवढंच म्हणाला. ते ताईंना रागावण्यापेक्षा जास्त लागलं. पुढच्या प्रत्येक खेपेला तो सोबत गेला. राजीनाम्याऐवजी साहेबांकडे रजेचा अर्ज गेला.

दोन्ही ऑपरेशनं होऊन कामावर रुजू झाल्यावर ताई पहिल्यांदाच खोली नऊमध्ये गेल्या. एकोणीस वर्षं त्यांनी ज्या गल्ल्यांची पत्रं टाइप केली, त्या सगळ्या तिथे टेबलावरच्या नकाशात पसरल्या होत्या. नळांच्या निळ्या रेघा केसांसारख्या बारीक, पण एकेक वेगळी दिसत होती.

"शोधा तुमचं घर," बाई म्हणाल्या.

ताईंनी बराच वेळ बोट फिरवलं. गल्ली काही सापडेना. चेहरा उतरला.

"अहो ताई, डोळे ठीक आहेत तुमचे," बाई हसत म्हणाल्या. "तुम्ही उभ्याच उलट्या बाजूला आहात. या इकडे."