बंडीतला फोन

महादेवरावांनी अंगठ्याने पाचाचं बटण दाबलं, जरा थांबून पुन्हा दाबलं आणि फोन काउंटरवर ठेवून दिला. बटण दबल्याचं बोटाला चांगलं कळत होतं. नेमकं तेच त्यांना खटकलं. सुनेने सुचवलेली वस्तू इतकी बरी निघतेच कशी?

"मले हाच घ्याले काऊन लावून राह्यली ती?" त्यांनी विचारलं.

"मले काय माहीत, काका," दुकानदार हेमराज म्हणाला. "सकाळी रुचिकावहिनीचा फोन आलता. म्हणे, बाबा येतीन, त्याईले बटनवालाच द्या, टच नोका देऊ."

"म्हंजे आधीच ठरलं."

त्यांचा हात छातीशी गेला. टचचा फोन बंडीच्या आतल्या खिशात होता. नागपूरला नोकरी करणाऱ्या भूपेंद्रने, त्यांच्या मुलाने, तो दिवाळीला आणला होता. काचेला ओरखडा पडू नये म्हणून महादेवराव तो काच छातीकडे करून ठेवत. सुरुवातीला कुलूप उघडायला काचेवर बोटाने रेघ ओढावी लागे. पण संत्र्याच्या बागेत खरबरीत झालेल्या बोटांची रेघ फोनला कळेचना. शेवटी त्यांनी भूपेंद्रकडून ते कुलूपच काढून घेतलं. तेव्हा कुठे फोन ताळ्यावर आला आणि त्यात लेकाचं तोंड दिसू लागलं. आणि आता सुनेला तोच काढून घ्यायचा होता. पाणी कुठेतरी मुरत होतं.

ते आजचं नव्हतं. दुपारी बागेत जेवायला बसले की महादेवराव भाकरीचा पहिला घास पानावर बाजूला काढत. तो गेल्या वर्षी वारलेल्या कौशल्याबाईंचा, त्यांच्या बायकोचा. मग ते तिला घरची खबर सांगत, चांगलं मोठ्याने. ऐकायला असायचं कोण? फार तर लांब पंपाजवळ गोमाजी, त्यांचा जुना सालदार गडी. एकदा ते म्हणाले, सून वरणाला लसूण दाखवतसुद्धा नाही. त्या संध्याकाळी घरात शिरताच लसणाच्या फोडणीचा वास आला. एकदा म्हणाले, तुझा फोटो तिने टीव्हीमागे नेला, मला पलंगावरून दिसत नाही. घरी येऊन पाहतात तर फोटो पलंगासमोर. दुसरा कोणी खूश झाला असता. महादेवराव मनात एकेक नाव मोजू लागले. हिच्या कानाला लागतं कोण?

गोमाजीशिवाय दुसरं नाव सुचेना. मग त्यांनी त्याला चहाला हाक मारणंच बंद केलं. गोमाजीने आपला कप धुतला आणि पंपघराच्या फळीवर उपडा घालून ठेवला.

"टच दिसाले चांगला," हेमराज म्हणाला, "पन बटन कसं, आपल्या मर्जीनं दबते."

"अन् टच कोनाच्या मर्जीनं चालते?" महादेवरावांचा आवाज चढला. "मले शेंड्या नोको लावू. भूपेंद्रचं तोंड दिसते ना यात, ते तिले नोको हाये. माह्या घरात कोनीतरी चुगल्या करून राह्यलं, हेमराज. झाडाखाली बोललेली गोष्ट सांजच्याले सुनेले माहीत! गोमाजीच हाये तो. इतके वर्सं भाऊ म्हनून ठेवला, त्यानंच दगा देला. उद्या त्याले कामावरून काढतो."

"बाबा!"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. आवाज बंडीतून आला होता.

"बाबा, गोमाजीकाकाले काई बोलू नोका. त्याईनं काईच सांगतलं नाई."

महादेवरावांनी फोन बाहेर काढला. काच घामाने ओली होती. तिच्यावर रुचिकाचं नाव होतं आणि बोलणं चालू होतं.

"हा कोनी लावला?"

"आपोआप लागते, बाबा. कुलूप काढलं तवापासून. काचेले घाम लागला का लागते, अन् यादीत माहंच नाव पहिलं हाये. तुमी जेवाले बसले का लागतेच कितीकदा. पहिल्यांदा वाटलं, तुमी मलेच बोलून राह्यले. मंग समजलं, आईशी बोलून राह्यले."

हेमराज पाठ फिरवून काचेचं कपाट पुसू लागला.

"मंग सांगतलं काऊन नाई?"



"सांगतलं असतं, तं तुमी आईशी बोलनंच सोडलं असतं. मीनं फोन ठेवाले पायजे होता. ठेवत बी होती. कधीकधी नाई ठेवला."

महादेवरावांना फार शरम वाटली. लसूण आणि फोटो तर किरकोळच. 'तुह्या पायाची सर नाई तिले,' हे त्यांनी कौशल्याबाईंना कितीदा तरी ऐकवलं होतं. म्हणजे हिनेही ते ऐकलं होतं, आणि दुसऱ्या सकाळी त्यांचा डबा भरून दिला होता. खालमानेने त्यांनी बटणांचा फोन उचलला आणि हेमराजला चिठ्ठी त्यात घालायला सांगितली.

"चिठ्ठी नाई काका, सिम," हेमराज हळूच म्हणाला.

"तेच ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पंपाकडे तोंड करून हाक दिली. गोमाजी आला, पण हात लांबवेना. महादेवराव स्वतः उठले, फळीवरचा कप घेऊन आले, विसळला, काठोकाठ चहा ओतला आणि त्याच्या हातात दिला.

"माहं चुकलं, गोमाजी," ते म्हणाले.

गोमाजी चहा घेऊन बांधाकडे गेल्यावर त्यांनी पानावर घास काढला. "ऐकलं काय," असं म्हणून सुरुवातही केली, पण पुढे शब्द येईना. बंडीतला फोन गप्प होता. त्यांनी तो बाहेर काढला आणि बोटाने चाचपत एकेक बटण दाबलं.

"बाबा?" रुचिका घाईने म्हणाली. "आता हा बी चुकून लागला काय?"

"नाई. मीनं लावला."

त्यांनी फोन पानाशेजारी, घासाला लागून ठेवला आणि कौशल्याबाईंना घरची खबर सांगायला घेतली.