गच्चीवर नेलेली बाग

मी नक्की काय आहे, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. पण कुठून तरी सुरुवात करायला हवी; म्हणून मित्रांनो, तूर्त एवढे धरून चला की मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे आणि नाटकाचाही नव्हे. मी इंदूरच्या एका फोटो स्टुडिओतला रंगवलेला पडदा. लोक माझ्याकडे पाठ करून उभे राहत आणि फोटोत मात्र एका मोठ्या बागेच्या पायऱ्यांवर उभे असलेले दिसत.

आता तुम्हीच सांगा, ते लोक बागेत होते की स्टुडिओत? आणि मी बाग की कापड? हा गोंधळ माझ्या जन्मापासूनचा आहे.

जाड सुती कापडावर खडूची पूड आणि सरस यांचा लेप देऊन मला तयार केले. सरस म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेला चिकट पदार्थ. तो गरम पाण्यात विरघळवून रंगात कालवतात. वाळला की रंग कापडाला धरून बसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडेल. त्या लेपावर एका चित्रकाराने डावीकडून उजवीकडे पसरलेल्या रुंद पायऱ्या काढल्या, कठडा काढला, कठड्यावर फुलदाण्या आणि पलीकडे एक तळे. सूर्य डावीकडे आहे असे मनात धरून त्याने प्रत्येक फुलदाणीची सावली उजवीकडे पाडली. सूर्य मात्र काढला नाही.

स्टुडिओचे मालक बाबूराव. त्यांनी मला भिंतीवर टांगले आणि माझी नोकरी सुरू झाली. गिरणीतले कारकून आले, नवीन लग्न झालेली जोडपी आली, महूच्या छावणीतले जवान आले. बाबूराव सगळ्यांना एकच सांगत, “हनुवटी खाली. श्वास धरा.” लोक माझे कौतुक करत. लहान मुले तर पायऱ्या कुठे जातात हे पाहायला माझ्यामागे शिरत आणि भिंत पाहून हिरमुसत. खरे सांगतो, त्या पायऱ्या कुठे जातात हे मलाही ठाऊक नव्हते.

त्या सगळ्या गर्दीत एक जवान माझ्या चांगला लक्षात राहिला. त्याचे नाव किसन. तो गणवेशात आला आणि मधे उभा राहण्याऐवजी अगदी उजव्या कडेला जाऊन उभा राहिला.

“अरे भिया, मधे या,” बाबूराव त्यांच्या इंदुरी बोलीत म्हणाले.

“नाही साहेब. डावी बाजू मोकळी राहू द्या.”

“रिकाम्या पायऱ्यांचा फोटो कोण काढतं?”

“तिची जागा आहे ती. आमचं लग्न ठरलंय. पुढच्या सुट्टीत तिला घेऊन येतो, तेव्हा तिचा काढा. दोन्ही फोटो शेजारी लावले की पायऱ्या जुळल्या पाहिजेत.”

“बरं, जुळवू. हनुवटी खाली.”

किसनने हनुवटी काही खाली केली नाही. फोटो तसाच निघाला. पुढच्या सुट्टीची मी पुष्कळ वाट पाहिली, पण तो आला नाही. का आला नाही, हे मला कोणी सांगितले नाही. पडद्याला कोण सांगणार?

मग रंगीत फोटो आले, पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओ बंद झाला. मला बांबूवर गुंडाळून माळ्यावर ठेवले. गुंडाळलेल्या पडद्याची अवस्था विचित्र असते. माझे आकाश माझ्याच तळ्यावर टेकले होते आणि पायऱ्यांवर झाडांचे ओझे आले होते. वर काय आणि खाली काय, हेही मी विसरून गेलो.

बाबूराव गेले. त्यांची नात मधुरिमा फोटो काढू लागली, पण तिला स्टुडिओ नको होता. ती लोकांना तळ्याकाठी, राजघराण्याच्या जुन्या समाधी-छत्र्यांजवळ, खऱ्या बागांत नेऊन त्यांचे फोटो काढत असे. याला ती ‘लोकेशन’ म्हणायची. मी माळ्यावरून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, खऱ्या पायऱ्या मिळत असतील तर रंगवलेल्या कोणाला हव्यात?

एके दिवशी तिचा फोन वाजला. तिने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. पलीकडे विजय नगरहून संबोधी नावाची मुलगी बोलत होती.

“मधुरिमाजी, आजीचं पोर्ट्रेट काढायचं आहे. तिचे गुडघे दुखतात, फार फिरता येत नाही.”

“काही हरकत नाही, मी लोकेशनवर येते. कुठलं धरू?”

“आमची गच्ची.”

“गच्ची? बरं. मागे काय दिसायला पाहिजे? आकाश, शहर?”

“मागे तुमच्या आजोबांचा पडदा. बागेचा. आहे ना अजून?”

मधुरिमाने माळ्याकडे पाहिले. “एक मिनिट. मतलब, मी लोकेशनवर यायचं आणि येताना लोकेशन सोबत आणायचं?”

“बिलकुल!” संबोधी हसली. मग तिचा आवाज हळू झाला. तिच्या आजोबांचा, म्हणजे किसनरावांचा, एक फोटो घरात होता. लग्नानंतर आजीला घेऊन स्टुडिओत यायचे त्यांनी ठरवले होते. पण कधी बदली, कधी बाळंतपण, कधी घराचे बांधकाम, आणि शेवटी स्टुडिओच बंद झाला. मागच्या वर्षी किसनराव वारले. आता आजी म्हणत होती, त्यांनी ठेवलेल्या जागेवर मला एकदा उभे राहायचे आहे.

मित्रांनो, ते ऐकून मला आनंद झाला आणि माझा गोंधळ दुप्पट झाला. गच्ची ही एक जागा. मी ही एक जागा. मग आजी नक्की कुठे उभी राहणार?

तयारी सुरू झाली. मधुरिमाने मला खाली काढून खोलीत पसरले आणि फुलदाण्यांच्या सावल्या पाहिल्या. मग ती गच्ची पाहून आली आणि तिने आपल्या आईला, उषाताईंना सांगितले, “पाण्याच्या टाकीची भिंत दक्षिणेकडे तोंड करून आहे. पडदा तिच्यावर लावला, तर दुपारनंतर ऊन बरोबर डावीकडून येईल. चित्रातल्या सावल्या आणि आजींची सावली एकाच बाजूला पडतील.”

“म्हणजे आता चित्रातल्या सूर्याचीही वेळ पाळायची?” उषाताई म्हणाल्या.

“पाळावी लागते आई. नाहीतर पाहणाऱ्याला काय चुकलंय ते कळत नाही, पण चुकलंय हे कळतं.”

मग कपड्यांवरून घोळ झाला. मधुरिमाने सूचना पाठवल्या होत्या: बारीक चौकड्या नकोत, चमकणारी जर नको, शक्यतो पांढरे नको. आजीचा, म्हणजे प्रभावतीबाईंचा, स्वतःच फोन आला.

“जय भीम, बेटा. आमच्याकडे मंगल दिवशी पांढरीच साडी नेसतात. मी पांढरीच नेसणार.”

“आजी, उन्हात पांढऱ्याने चेहरा दबतो. हिरवी नेसता का, गडद?”

“हिरवी? अगं, बाग हिरवी, वर मी हिरवी. पानांत शोधत बसशील मला!”

मधुरिमा हसली आणि पांढरी साडी ठरली. मला मात्र काही उमगेना. मी हिरवा आहे? असेन. मी स्वतःला कधी पाहिलेच नव्हते.

आता ती गोष्ट सांगतो, जी सांगायला मला अजूनही अवघड जाते.

आदल्या दिवशी मधुरिमा बाहेर गेली होती. उषाताई खोलीत आल्या, मला पाहिले आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “देशात सफाईत आपलं इंदूर एक नंबर,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, “आणि आम्ही लोकांच्या घरी ही धूळ घेऊन जाणार? शोभतं का?” त्यांनी बादली आणली, साबण आणला, फडके भिजवले आणि माझ्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

मला गार वाटले. इतक्या वर्षांनी कोणी मायेने हात फिरवत होते, म्हणून मी सुखावलो. बादलीतले पाणी काळे झाले तशा उषाताईही खूश झाल्या. “बघा, किती मळ!” त्या म्हणाल्या. पाणी बदलून पुन्हा वाकल्या आणि तिथेच थांबल्या.

“अगं बाई. पायऱ्या कुठे गेल्या?”

सरस, मित्रांनो. पाण्यात विरघळलेला सरस वाळून रंग धरून ठेवतो, आणि पुन्हा पाणी लागले की रंग सोडून देतो. बादलीत मळ नव्हता. बादलीत मी होतो.

मधुरिमा आली, तिने पाहिले आणि खाली बसली. डाव्या कोपऱ्यात पायऱ्या नव्हत्या, नुसता ढगासारखा फराटा होता. प्रभावतीबाईंना जिथे उभे राहायचे होते, नेमकी तीच जागा.

“मी तर साफ केलं गं,” उषाताई रडवेल्या होऊन म्हणाल्या. “नवीन रंगवून घेऊ या.”

“उद्यापर्यंत कोण रंगवणार? आणि ते आजोबांच्या फोटोशी जुळणार कसं?” मधुरिमाने बादली बाजूला सारली. “चल, जाऊन खरं सांगू. हवं तर कंप्यूटरवर पायऱ्या बसवून देईन.”

दुसऱ्या दिवशी उषाताईही सोबत आल्या. मला जिन्यावरून वर नेले, टाकीच्या भिंतीवर दोऱ्या आणि चिमटे लावून टांगले. टाकीच्या चौथऱ्यावर चढायला डाव्या टोकाला सिमेंटच्या तीन पायऱ्या होत्या. त्या फोटोत येऊ नयेत म्हणून मधुरिमाने मला उजवीकडे सरकवून लावले. आणि मग माझ्यावर ऊन पडले. आयुष्यात पहिल्यांदा.

“हा तर राखाडी आहे!” संबोधी ओरडली.

खरेच होते. माझ्या काळातल्या कॅमेऱ्याला काळा, पांढरा आणि मधल्या छटा एवढेच दिसत. म्हणून चित्रकाराने माझ्या बागेत एकही हिरवे पान काढले नव्हते.

प्रभावतीबाई कठड्याला धरून वर आल्या. पांढरी साडी, हातात किसनरावांचा फोटो. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“मी इतकी वर्षं हिला हिरवी समजत होते,” त्या म्हणाल्या. “ह्यांना विचारलं होतं मी एकदा, बाग कशी होती? म्हणाले, एकदम हिरवीगार. लबाड माणूस!”

सगळे हसले. मग त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली आणि हसणे थांबले.

उषाताई पुढे झाल्या. “प्रभावतीजी, माझ्या हातून झालं हे. मी पाण्याने पुसलं.”

“आजी, कंप्यूटरवर होईल नीट,” संबोधी घाईने म्हणाली. “तू कुठेही उभी राहा, मधुरिमाजी तुला बरोबर तिथे बसवतील.”

“मला कोणी बसवायला नकोय. मला जाऊन उभं राहायचं होतं.”

मग तिघी एकदम बोलू लागल्या. डावीकडे घेऊ, वरून घेऊ, नुसता चेहरा घेऊ, आजचे रद्द करू. वाऱ्याने मी हलत होतो आणि माझ्या उरलेल्या पायऱ्याही डगमगत होत्या. मला वाटले, मी बागही राहिलो नाही आणि धड कापडही राहिलो नाही. मला गुंडाळा आणि परत न्या.

या गडबडीत प्रभावतीबाईंचे गुडघे दुखू लागले. त्या टाकीपाशी गेल्या आणि सिमेंटच्या पायरीवर टेकल्या. फोटो त्यांनी मांडीवर ठेवला.

मधुरिमाने सहज तिकडे पाहिले, मग कॅमेऱ्यातून पाहिले. “आजी,” ती म्हणाली, “हलू नका.”

“आता काय झालं?”

“आई, संबोधी, दोऱ्या सोडा! पडदा डावीकडे घ्यायचा आहे. अजून. अजून थोडा.”

तिने किसनरावांचा फोटो मागून घेतला आणि माझ्या शेजारी धरला. मित्रांनो, मी पहिल्यांदा मला पाहिले, पूर्ण, फराटा नसलेला. मग मला दिसले ती काय करते आहे ते. धुऊन गेलेला माझा कोपरा तिने सिमेंटच्या पायऱ्यांमागे लपवला होता. माझी रंगवलेली पायरी जिथे संपत होती, तिथून टाकीची खरी पायरी सुरू होत होती. खऱ्या पायऱ्यांची सावली उजवीकडे पडत होती, फुलदाण्यांसारखीच.

“आता उभ्या राहा आजी. तिथेच, खालच्या पायरीवर.”

प्रभावतीबाई उभ्या राहिल्या. कोणी आधार द्यायला गेले, तर त्यांनी हातानेच नको म्हटले.

“हनुवटी जरा खाली,” मधुरिमा म्हणाली, अगदी बाबूरावांच्या सुरात. “श्वास धरा.”

नंतर तिने फोटोचा रंग काढून टाकला आणि पडद्यावर तो किसनरावांच्या फोटोशेजारी दाखवला. पडद्यावर म्हणजे माझ्यावर नव्हे. तिच्या टॅबलेटच्या पडद्यावर. इथेही माझा गोंधळ झालाच. किसनरावांच्या पायऱ्या प्रभावतीबाईंच्या पायऱ्यांपर्यंत येऊन मिळाल्या होत्या. प्रभावतीबाईंनी टॅबलेट जवळ ओढला. मग किसनरावांच्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “मी केली ना खाली? आणि तुमची बघा, अजून वरच.”

पायऱ्या कुठे जातात, हे इतकी वर्षे मला कळले नव्हते. एवढ्यापुरते तरी कळले.

उषाताई आता मला कोरड्या, मऊ ब्रशने झटकतात. कोपरा रंगवून घ्यायचे त्यांनी पुन्हा काढले, तेव्हा प्रभावतीबाई फोनवर म्हणाल्या, “राहू द्या तसाच. तिथे मी आहे.” मी अजून वस्तू की जागा, ते मला ठरवता आलेले नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे जुने काही असेल, तर त्याची निगा जरूर राखा. फक्त फडके भिजवण्याआधी एकदा विचारा, हे कशाचे बनले आहे? आणि हेही विचारा, यात कोणाची जागा राखून ठेवली आहे का?