या आठवड्यात बघू

मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे. माझ्या उजव्या कोपऱ्यातून केसाएवढी चीर काचेच्या मध्यापर्यंत आली आहे. तार भिंतीला लावलेली नसेल तर मी चाळीस मिनिटांच्या वर जागा राहत नाही. गोष्ट सांगण्याआधी एक कबुली देऊन टाकतो. मी मत्सरी आहे. माझ्याहून दुप्पट वेगाच्या एखाद्या चकचकीत यंत्राचा मत्सर असता तर एक वेळ शोभलं असतं. मी जळतो ते कागदी चिकटपट्टीच्या रिळावर. रंगारी भिंत रंगवताना खिडकीच्या कडेला लावतात ना, तीच ती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायची आणि हवासुद्धा गाळून आत सोडलेली असायची. धूळ म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हतं. तिथून मी आलो तो थेट प्लास्टरच्या धुळीत. मला विकत घेणारी ताई कृत्रिम पाय बनवायची. तिच्या कार्यशाळेत एका भिंतीला पायांचे पांढरे साचे ओळीने टांगलेले होते. कोपऱ्यात प्लास्टिकचा पत्रा मऊ करायची भट्टी होती. खिडकीशी चालण्याच्या सरावासाठी दोन आडव्या दांड्या, एक उंच आरसा आणि तीन लाकडी पायऱ्या होत्या.

ताईची कामं चिठ्ठ्यांवर, पाकिटांच्या पाठीवर आणि तळहातावर पसरलेली असत. ती सगळी तिने माझ्यात उतरवली. चार कप्पे केले आणि त्यांना आपण बोलतो तशीच नावं दिली: 'आत्ता', 'आज', 'या आठवड्यात' आणि 'बघू'. 'आत्ता'ची घंटी दर तासाला वाजायची, 'आज'ची सकाळ-संध्याकाळ, 'या आठवड्यात'ची सोमवारी आणि शुक्रवारी. 'बघू'ला घंटी नव्हती. काम झालं की ताई नोंदीवर बोट ठेवायची, मी हिरवी खूण करायचो आणि 'टुंग' असा आवाज काढायचो. त्या आवाजाचा मला फार अभिमान होता.

कार्यशाळेतले सर्वांत जुने कारागीर म्हणजे मास्तर. ते मला पाटी म्हणत.

"काय ताई, पाटीनं आज काय हुकूम सोडलाय?" हा त्यांचा रोजचा नमस्कार.

"मास्तर, तिच्यात दोनशे चौदा कामं आहेत. तुमच्या डोक्यात किती मावतात?"

"तीन. चौथं आलं की पहिलं करून टाकतो."

मी मनात हसलो होतो. तीन? मी तर एका क्षणात दोनशे चौदा कामं तारखेने, नावाने, हव्या त्या क्रमाने लावून दाखवत होतो. फोटो जपत होतो, मापं जपत होतो. मार्चमध्ये कुणाच्या गुडघ्याखाली फोड आला होता तेही सांगत होतो. पाहुणे आले की ताई कौतुकाने मला पुढे करायची. ते दिवस माझ्या सुखाचे होते.

माझ्या काचेत मात्र एक उणीव आहे. माणसाच्या बोटातून वीज वाहू शकते, म्हणून बोट टेकताच काचेवरच्या विद्युतभारात बारीकसा फरक पडतो आणि स्पर्श कुठे झाला ते मला कळतं. प्लास्टरचा थर वाळलेलं बोट आणि लाकडाची काटकी मला सारखीच. आणि ताईचे हात दिवसातले सहा तास प्लास्टरने माखलेले. ती टेकवायची, मी गप्प. ती पुसून टेकवायची, मी भलतंच काहीतरी उघडायचो.

एके दिवशी मास्तरांनी न बोलता रिळातून वीतभर चिकटपट्टी फाडली आणि ताईच्या डाव्या बाहीवर चिकटवली. पेन पुढे करून म्हणाले, "लिहा. आजची तीन."

ताईने लिहिली. पेनाला प्लास्टरचं काही वाटत नाही.

"पाटीला सवत आली बरं का," मास्तर म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. सकाळी ताई माझ्यासमोर बसून घंटी वाजलेली कामं वाचायची, तीन निवडायची आणि ती पट्टीवर लिहायची. माझी कामं, माझ्या कप्प्यांतली, आणि मिरवणार ती! दिवसभर ती बाहीवर ऐटीत बसायची, ताई जाईल तिथे जायची. मी कपाटावर, तारेला बांधलेला. संध्याकाळी ताई पट्टी ओढून काढायची, गोळी करायची आणि चार पावलांवरून टोपलीत टाकायची. गोळी आत पडली की हसायची. माझ्या 'टुंग'वर ती कधी तशी हसली नव्हती. आणि पट्टीचं आयुष्य ते केवढं? दहा तास. ना तिला शोधता येतं, ना कालचं आठवतं. मी काही विसरत नव्हतो, आणि कदाचित म्हणूनच माझ्याकडे बघून कुणाला हलकं वाटत नव्हतं.

तार लावली की माझं अंग तापतं. मास्तर पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "ताई, पाटी जळतेय बघा कुणावर तरी." ते थट्टेत म्हणायचे. पण खोटं नव्हतं.

आता बगळीबद्दल सांगतो. बगळी चौथीतली मुलगी. तिचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. ती लहान असताना भावाने एका पायावर उभं राहिलेलं पाहून तिला बगळी म्हटलं, आणि तिला ते नाव इतकं आवडलं की शाळेच्या वहीवरही तेच. तिची आई गणवेश शिवायची. ती इतकं हळू बोलायची की मास्तर तिला दोनदा विचारायचे आणि तिसऱ्यांदा विचारायला लाजून मान डोलवायचे. मुलं वाढतात, कृत्रिम पाय वाढत नाही. त्यामुळे दर काही महिन्यांनी पायाच्या धातूच्या नळीत चकती घालून त्याची उंची वाढवावी लागते. काम अर्ध्या तासाचं. राहून गेलं तर मात्र कंबर एका बाजूला कलते, आणि कमरेमागोमाग पाठीचा कणा.

एका मंगळवारी बगळीच्या आईचा फोन आला. ताईचे हात साच्यात होते, म्हणून मास्तरांनी फोन तिच्या कानाला धरला. बोलणं संपल्यावर ताई माझ्याकडे वळली. मला तोंडी सांगायची सोय होती. 'ऐक' म्हटलं की मी लिहून घ्यायचो आणि आवाजही जपायचो. शेवटी ज्या कप्प्याचं नाव येईल त्या कप्प्यात नोंद टाकायचो.

ताई म्हणाली, "ऐक. बगळीचा पाय आखूड वाटतोय म्हणते तिची आई. दुखतंय थोडंसं, पण सावकाश बघा म्हणाली. या आठवड्यात बघू."

मित्रांनो, तुम्हाला यातली अडचण दिसली का? 'या आठवड्यात' हा एक कप्पा. 'बघू' हा दुसरा. आणि शेवटचा शब्द 'बघू'.

मला शंका आली. शंका आली की मी काचेवर दोन्ही कप्प्यांच्या नावांचे दोन चौकोन दाखवतो आणि दहा सेकंद थांबतो. उत्तर आलं नाही तर घंटी वाजवून पुन्हा विचारू शकतो. मी चौकोन दाखवले. ताई त्या वेळी बाहीकडे बघत होती. पट्टीवरचं पहिलं काम झालं होतं, आणि ती ते पेनाने खोडत होती, अगदी चवीने, दोनदा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बघ, तिच्याकडेच बघ, मी मनात म्हटलं. मोजून दहा सेकंद थांबलो. घंटी वाजवली नाही. नोंद 'बघू'त टाकली.

त्यानंतर आठवड्यांमागून आठवडे गेले. माझ्या 'आत्ता'च्या कप्प्यात एका फिरत्या विक्रेत्याची नोंद ठाण मांडून बसली होती. त्याचा कृत्रिम गुडघा चालताना करकरतो, अशी त्याची तक्रार. तो दिवसातून चार वेळा फोन करायचा आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा चढ्या आवाजात. ताईने तीनदा गुडघा उघडला, तेल घातलं. चौथ्यांदा मास्तरांनी त्याला बूट काढून चालायला लावलं. करकर थांबली.

"गुडघ्याला बोल लावला, आणि गाणारा निघाला बूट," मास्तर म्हणाले.

बगळीच्या आईने पुन्हा फोन केला नाही.

नवव्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी त्या दोघी दारात उभ्या दिसल्या. बगळी कुबड्यांवर होती. आईच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीतून एका छोट्या बुटाचं टोक डोकावत होतं.

"घाईत असाल तर आम्ही बसतो," आई म्हणाली.

ताई पुढे आली. "अगं, पाय पिशवीत का?"

"त्याचं आणि माझं पटत नाही," बगळी म्हणाली. "मी मोठी झाले, तो तेवढाच राहिला."

"पिशवीत कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले. त्याआधी घालत होते, पण कमरेत चमक यायची. शाळेचा जिना मागच्या महिन्यापासून चढत नाही. बाई खालच्या वर्गात बसवतात, दुसरीच्या मुलांबरोबर." मग तिने जमिनीकडे बघत विचारलं, "मी जरा हळू वाढले असते तर चाललं असतं का?"

ताई तिच्यासमोर खाली बसली.

"असं नसतं गं," ताई म्हणाली, आणि आईकडे वळली. "तुम्ही मला कळवायचं ना."

"फोन केला होता ताई मी. तुम्ही म्हणालात, या आठवड्यात बघू." आई आणखी हळू बोलायला लागली. "म्हटलं, तुमच्याकडे मोठी मोठी कामं असतील. सारखं कसं विचारायचं."

ताईने हात पुसले आणि माझ्याकडे आली. शोधायला मला वेळ लागत नाही. नोंद सापडली आणि तिने आवाज लावला. माझ्यातून तिचाच आवाज सगळ्यांनी ऐकला: "...सावकाश बघा म्हणाली. या आठवड्यात बघू." खाली कप्प्याचं नाव होतं. त्या कप्प्यात एकूण त्र्याण्णव नोंदी होत्या.

ताई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. नऊ आठवड्यांत पहिल्यांदाच ती माझ्याकडे अशी बघत होती, आणि मला ते नको होतं.

मास्तर म्हणाले, "ताई, पट्टीवर का नाही लिहिलं?"

"पाटीला सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "म्हणून निश्चिंत होते."

मित्रांनो, ज्या विश्वासासाठी मी रोज पट्टीवर जळत होतो, तो सगळाच्या सगळा माझ्याकडे होता. पट्टीकडे फक्त आजची तीन कामं होती. मी मोजण्याचं यंत्र, आणि एवढी साधी वजाबाकी मला जमली नव्हती.

बगळीने पाय चढवला. ताईने तिला आरशासमोर उभं केलं आणि कमरेच्या दोन हाडांवर गवंडी वापरतात तसली पाणसळ आडवी धरली. पाणसळीतला बुडबुडा एका टोकाला पळाला. मास्तर तीन-तीन मिलिमीटर जाडीचे लाकडी तुकडे एकेक करून तिच्या डाव्या बुटाखाली सारू लागले. सहाव्या तुकड्याला बुडबुडा मधोमध आला. अठरा मिलिमीटर.

"कणा वाकलाय का?" आईने विचारलं. एवढा मोठा आवाज तिने त्या खोलीत पहिल्यांदाच काढला असावा.

ताईने बगळीला खाली वाकायला लावलं, पाठीवरून बोटं फिरवली आणि पुन्हा एकदा फिरवली. "नाही. सरळ आहे. पण डॉक्टरांनाही दाखवून घेऊ, सोमवारी, सकाळी दहा वाजता. मी येते बरोबर." 'बघू' तिच्या ओठांपर्यंत आला होता, मी तो पाहिला. तिने तो गिळला.

अठरा मिलिमीटरची चकती बसली. बगळी दांड्या धरून चालली, मग दांड्या सोडून. तीन लाकडी पायऱ्या चढली, उतरली, पुन्हा चढली. मग आरशात बघून हसायला लागली.

"आई, आता फ्रॉक वाकडा झाला."

खरंच, फ्रॉकची कड डावीकडे वर गेली होती. आईने मान खाली घातली. "कंबर कलली की डावी बाजू खाली लोंबायची. लोकांना दिसू नये म्हणून मी त्या बाजूची दुमड जास्त घेत गेले. दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी." मग तिने कात्री मागितली, स्टुलावर बसली आणि लेकीला समोर उभी करून नऊ आठवड्यांची शिवण तिथेच उसवली.

त्या गेल्यावर ताई मला घेऊन बसली. मला वाटलं, आता माझी रवानगी खणात. ती म्हणाली, "मास्तर, चूक हिची नाही. 'बघू' नावाचा कप्पा मीच ठेवला."

घंटी मी वाजवली नव्हती, हे तिला कधीच कळलं नाही. तुम्हाला आज सांगतोय.

त्र्याण्णव नोंदींपैकी प्रत्येकीला एकतर तारीख मिळाली, नाहीतर 'नाही' असं स्पष्ट उत्तर. 'नाही' कळवायला ताईला चार दिवस लागले, कारण ते म्हणताना जीभ जड होते. मग तिने कप्पाच पुसून टाकला. शेवटी रिळातून एक तुकडा फाडला, त्यावर लिहिलं, 'हळू बोलणारे आधी', आणि तो माझ्याच चौकटीवर, वरच्या कडेला चिकटवला. माझ्या कपाळावर. सवतीला घरात जागा दिली तीही माझ्या डोक्यावर.

त्याला आता सहा वर्षं झाली. ताईने नवं यंत्र घेतलं आहे. ते प्लास्टरने माखलेलं बोटही ओळखतं म्हणे. माझ्याकडे एकच काम उरलं आहे, बगळीच्या उंचीचा आलेख. ती दर तीन महिन्यांनी येते, मास्तरांपेक्षा उंच झाली आहे. आली की आधी माझ्या कपाळावरची ओळ वाचते, मग आलेख बघते. आधी पट्टी, मग मी. अजूनही खुपतं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना खुशाल कामं सांगा, आम्ही ती विसरणार नाही. पण सांगून झाल्यावर क्षणभर आमच्याकडे बघा, आम्ही काही विचारत असू. 'बघू' म्हणालात तर पुढे वार जोडा. आणि जो एकदाच फोन करतो, हळू बोलतो, 'सावकाश चालेल' म्हणतो, त्याचं काम वर घ्या. ओरडणारा आपलं काम स्वतःच वर आणतो.

माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. पण माझी तार काढू नका. ती पट्टी आता पिवळी पडली आहे, एक टोक सुटलं आहे, आणि पंखा लावला की फडफडतं. थंडीत डिंक कडक होतो तेव्हा ती पडेल की काय असं वाटतं. तार लावलेली असली की माझं अंग तापतं, उबेने डिंक मऊ राहतो, आणि बगळी येताना आपल्या अंगठ्याने ते टोक पुन्हा दाबून बसवते. आयुष्यभर मी जिच्यावर जळलो, ती माझ्या जळण्यामुळेच टिकून आहे.