शीट क्रमांक ११७वरची चिठ्ठी

डीएनएच्या निकालाचा अधिकृत कागद आला तेव्हा भाईदास वाळलेल्या पाणवनस्पतींच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवत होते. धुळ्याच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाचे ते एकतीस वर्षांचे शिपाई. निवृत्तीला चार महिने राहिले होते. विभागप्रमुख तबस्सुम मॅडमनी कागद वाचला आणि दारातूनच हाक मारली.

"भाईदास, तुमचं झाड गेलं हो! तुमची कुमुदिनी नि गावोगावच्या डबक्यातली कुमुदिनी, बठ्ठं एकच निघालं."

बठ्ठं म्हणजे सगळं; खान्देशीतला तो एक शब्द मॅडम मुद्दाम वापरत. दोन प्राध्यापक हसले. मृणालीही हसली. तपासणी तिच्या पीएचडीसाठीची होती, आकडे ईमेलने आधीच येऊन प्रबंधात गेले होते, आणि मॅडम तिच्या गाईड होत्या.

झाड भाईदासांचं म्हणजे नावानं. शिंदखेड्याजवळच्या तळ्यात १९९८ साली छातीभर पाण्यात उतरून त्यांनीच ते काढलं होतं. तेव्हाच्या सरांनी ती नवी प्रजाती म्हणून जाहीर केली आणि तिला नाव दिलं, भाईदासी. लेखाचं ते पान भाईदासांनी लॅमिनेट करून घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलं होतं. पुढे सर वारले. तळं बुजवून तिथे प्लॉट पडले. उरला एकच नमुना, जाड कागदावर टाके घालून बसवलेला: शीट क्रमांक ११७. त्यावरूनच मृणालीने तपासणीसाठी नखाएवढं पान कापलं होतं. परवानगी तेवढीच होती, आणि एकदाच.

"आता शीटवर नव्या नावाची चिठ्ठी लावावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच लावा. डिंकाचा हात तुमचाच चांगला."

"हो मॅडम," भाईदास म्हणाले.

सगळे चहाला गेले. सही करायची म्हणून मृणाली थांबली. भाईदासांनी शीट टेबलावर उघडली, चष्मा लावला आणि खिशातलं भिंग काढून देठांवरून खालपर्यंत फिरवलं.

"ताई, पान कुठून कापलं?"

"खालून, डावीकडून. फुलाजवळ कात्री नको म्हणाल्या होत्या मॅडम."

"खालचं वेगळं शे, ताई. तळ्यात ही नि साधी कुमुदिनी, दोघींची मुळं एकमेकींत गुंतलेली होती. सोडवायला गेलो असतो तर फूल तुटलं असतं. सर म्हणाले, तशीच लाव. पानं दोघींची सारखीच, फरक सगळा फुलात." त्यांनी भिंग तिच्यापुढे सरकवलं.

मृणाली वाकली. वाळलेल्या चिखलाच्या गाठीतून दोन देठ निघाले होते. एक फुलाकडे गेला होता. दुसरा वळसा घेऊन त्या पानाकडे, जिथे तिच्या कात्रीची कड होती. तीन वर्षं ती या शीटसमोर बसली होती.

पुन्हा परवानगी, पुन्हा तपासणी, एक अख्खं प्रकरण नव्याने. सहा महिने तरी जाणार. प्रबंधाच्या प्रती बांधून आल्या होत्या. सोमवारी जळगावला विद्यापीठात द्यायच्या होत्या. प्राध्यापकाच्या जागेची मुलाखत बारा दिवसांवर होती. ओलं झाड वर्तमानपत्रात न चुरगळता कसं दाबायचं, हे तिला याच माणसाने शिकवलं होतं.

"भाऊ, हे एकच झाड आहे," ती म्हणाली.

"मी काढलंय ना, ताई."

"तुम्ही काढलंय, मी तपासलंय." तिचा आवाज चढला नाही. "इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला नेमकं आठवतं? नाव चाललं म्हणून काहीही बोलायचं का? मॅडमच्या कानावर गेलं तर आणखी हसतील."

भाईदासांनी भिंग रुमालाने पुसून खिशात टाकलं.

"तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी चिठ्ठीला डिंक लावला आणि ती उजव्या कोपऱ्यात बसवली. मधे हवेचा फुगा राहिला होता, तो अंगठ्याने कडेपर्यंत नेऊन काढला. मृणालीने सही केली, तारीख टाकली.

"ताई, तुमच्या त्या पुस्तकात आभाराचं पान असतं ना? त्यात तरी नाव शे ना माझं?"

"छापून झालंय, भाऊ." मृणालीने पेनाला टोपण लावलं. "विभागातील सर्व कर्मचारी, असं लिहिलंय."