बिनताऱ्यांचा पडदा

कीर्तनाला उभं राहायच्या आधी कृष्णमूर्ती अण्णा दोन गोष्टी न चुकता करायचे. मिऱ्याचे दोन दाणे दाढेखाली धरायचे आणि थोरल्या जावयासाठी खुर्ची मागवायचे. साऱ्या सभागृहात माणसं सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेली, आणि मधोमध खुर्चीवर अजित, तपासणीला आलेल्या साहेबासारखा. त्यात अण्णा माइकवरून म्हणायचे, "अहो अजितराव, आरामात बसा हं!" की दीडशे माना वळायच्या.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी ती खुर्ची आणि ते 'अहो' काही सुटेना. धाकटा जावई विराट दोनच वर्षांपूर्वी घरात आला, पण त्याला तबला वाजवता यायचा. त्यामुळे पहिल्याच महिन्यात त्याचं "अरे विराट, पाणी आण रे" सुरू झालं होतं. अजितला त्या 'अरे'चा हेवा वाटायचा. तो नागपूरचा, घरात आईवडिलांपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे एकमेकांना ओरडून हाका मारणारे. इथे सासरची मंडळी बेंगळुरूत पिढ्यान् पिढ्या मुरलेली, मराठीत कन्नड घोळून बोलणारी, 'जरा'ला 'स्वल्प' म्हणणारी, आणि मान दिला की पार लांब उभा करणारी.

"अगं, मला पण कधी पाणी आणायला सांगा ना," तो बायकोला, कस्तुरीला, म्हणायचा.

"घरी आण की आधी," कस्तुरी म्हणायची.

अजितचा छंदही असा की त्यात कुणी जवळ येऊन बसावं असं काही नाही. एचएसआर लेआउटमधल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर तो दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशाचे फोटो काढायचा. बेंगळुरूच्या आकाशात दिव्यांचा उजेड इतका, की डोळ्यांना दहा तारे दिसले तरी नशीब. पण अजितकडे ड्युअल-बँड फिल्टर नावाची एक काच होती. लग्नाच्या मांडवात दारावर एखादे खडूस काका उभे असतात ना, पत्रिका असेल तोच आत, तशी ही काच. रस्त्यावरचे दिवे, जाहिरातींचे फलक, शेजारच्या टॉवरची रोषणाई, सगळ्यांना ती बाहेर ठेवायची. आत फक्त दोघांना प्रवेश: आकाशातल्या हायड्रोजनचा तांबडा उजेड आणि ऑक्सिजनचा निळसर हिरवा.

माघात एका रविवारी अण्णा लेकीकडे जेवायला आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता आणि त्यांना रंगांचं भारी अप्रूप आलं होतं. कोथिंबीरसुद्धा उचलून बघायचे. अजितच्या लॅपटॉपवर गुलाबाच्या फुलासारखा एक तेजोमेघ लालभडक दिसत होता. अण्णा चालता चालता थांबले.

"हे काय हो अजितराव?"

"आकाश आहे, अण्णा. आपल्याच गच्चीवरून."

"आपल्या गच्चीवरून हे दिसतं? मला तर टाकीच दिसते." अण्णांनी चष्मा पुसला, परत बघितलं. मग जरा घुटमळत म्हणाले, "सप्ताहात माझं ध्रुवाचं आख्यान आहे. मागं पडदा म्हणून असलं आकाश लावलं तर? स्वल्प मोठं. जमेल का तुम्हाला? त्रास असेल तर नको हं."

सहा वर्षांत अण्णांनी अजितकडे काही मागितलं ते हे पहिलं. ध्रुवाला देव भेटल्यावर काय वाटलं असेल ते अजितला त्या क्षणी कळलं.

त्यानंतरचे बारा दिवस कस्तुरीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक.

"हे बघ," अजित तिला जेवताना समजावायचा. "एकाच रेकॉर्डिंगमध्ये दोघं गातायत असं समज. पुढे तुझे अण्णा, दणदणीत आवाजात. तो हायड्रोजन. आणि पार मागच्या रांगेत एक म्हातारी बारीक आवाजात साथ देतेय. तो ऑक्सिजन."

"म्हणजे कीर्तन मंडळातल्या रत्नाबाई अक्का?"

"त्यांचा आवाज बारीक आहे का? दुसरी कुणीतरी. तर माझ्या रंगीत कॅमेऱ्याला तीन प्रकारचे डोळे आहेत. लाल डोळ्यांना अण्णा ऐकू येतात, हिरव्या-निळ्यांना म्हातारी."

"डोळ्यांना ऐकू येतात."

"तू ऐक ना! मग मी दोघांचे आवाज वेगळे काढतो. म्हातारीचा हळूहळू वाढवतो आणि परत दोघांना एकत्र गायला लावतो. मग नुसतं लाल न राहता इकडे सोनेरी, आत निळं, असं फुलतं."

"आणि मूळचं कसं असतं?"

"मूळचं... लालच दिसतं जास्त. पण ही पद्धत आहे."

भानगड होती ती ताऱ्यांची. मंद उजेड वाढवायला गेलं की तारे पुरीसारखे फुगायचे. शिवाय त्या काचेतून त्यांचे रंगही विचित्र यायचे. म्हणून जाणते लोक तारे आधी अलगद उचलून वेगळे ठेवतात, नुसता मेघ रंगवतात आणि शेवटी तारे परत जागच्या जागी बसवतात. अजितने तर बिनफिल्टरचे वेगळे फोटो काढून ताऱ्यांचे खरे रंगही जपून ठेवले होते. मोदकावर शेवटी केशराची काडी ठेवतात तसे ते ठेवायचे होते.

बारा दिवस तो मेघाशीच झटला. "हा निळा जास्त का हा?" असं विचारून त्याने कस्तुरीला भंडावलं. "दोन्ही सारखेच," असं ती प्रत्येक वेळी म्हणाली आणि प्रत्येक वेळी तो दुखावला. तेराव्या दिवशी ऑफिसला निघता निघता त्याने फाइल पाठवून दिली मल्लाप्पाला. मल्लाप्पा आनेकलचा, फ्लेक्स छापणारा, अण्णांच्या कीर्तनांचे फलक वर्षानुवर्षं तोच करायचा. कीर्तनाच्या दिवशी दुपारी चौदा फुटांची ती गुंडाळी त्याने आनेकलच्या बसमध्ये आडवी घालून स्वतः आणून दिली.

"उत्तररंगालाच उघडायचा पडदा," अण्णांनी बजावलं होतं. "आधी नको."

संध्याकाळी सहाला अण्णा उभे राहिले. डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. पेटीवर कस्तुरी, तबल्यावर विराट. "अहो अजितराव, बसा," झालं, माना वळल्या. पूर्वरंग रंगात आला तसा अजित खुर्चीवरून हळूच उठला आणि मखमली पडद्यामागे गेला. तिथे रत्नाबाई अक्का आरतीचं ताट लावत होत्या. वय सत्तर, मंडळाचा सगळा कारभार त्यांच्या पिशवीत. दोघांनी मिळून गुंडाळी दोरीला टांगली आणि सोडली.

काय रंग उतरला होता! सोनेरी पाकळ्या, आत निळाई जणू श्वास घेतेय.

"अय्यो देवा," रत्नाबाईंनी हात जोडले. "किती सुंदर रे हे." मग त्या जवळ गेल्या, लांब आल्या, परत जवळ गेल्या. "आणि चांदण्या कुठं आहेत?"

"आहेत ना, या बघा इथं..." अजितने बोट उचललं. ते बोट डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं आणि हवेतच राहिलं.

चौदा फुटांच्या आकाशात एक तारा नव्हता. तारे घरी होते, वेगळ्या फाइलीत, सुखरूप. बारा दिवस बिनताऱ्यांचं चित्र बघून बघून त्याचे डोळे असे सरावले होते की पाठवताना काही कमी आहे असं वाटलंच नाही.

"काहून असं झालं बाप्पा," त्याच्या तोंडून थेट नागपूर निघालं. त्याने मल्लाप्पाला फोन लावला.

"सर, कसं आलंय? फुल्ल क्लीन!" मल्लाप्पा खुशीत होता. "एक ठिपका नाही बघा कुठं!"

पडद्यापलीकडून अण्णांचा खणखणीत आवाज येत होता, "पाच वर्षांचं लेकरू बापाच्या मांडीवर बसायला गेलं आणि त्याला खाली ढकललं. त्या लेकराला आकाशात जागा कशी मिळाली, ते आज आपल्याला डोळ्यांनी बघायचंय!"

डोळ्यांनी! अजित मागच्या दाराकडे वळला. "अक्का, मी चाललो. नागपूरला."

"गाडी सकाळी आहे," रत्नाबाई म्हणाल्या. "तोवर दाभण धर." त्यांच्या पिशवीतून हार ओवायची दोन दाभणं निघाली. "भोकं पाडू. मागून दिवा लावू. चांदण्याच चांदण्या."

युक्ती अशी बिनतोड होती की अजितचं रडू आवरलं. पण वेळ? त्याने पडद्याच्या फटीतून कस्तुरीला खूण केली, दोन्ही हात ताणून, जणू कणीक ओढतोय. कस्तुरीला वाटलं, पेटी मोठ्याने वाजव. तिने भाता जोरात हलवला. अण्णांनी दचकून सूर चढवला. शेवटी रत्नाबाईंनी अंगाऱ्याच्या पुडीच्या कागदावर 'लांबवा' असं लिहून ती चिठ्ठी फुलांच्या ताटातून पुढे पाठवली.

अण्णांनी चिठ्ठी वाचली, कपाळाला लावली आणि लांबवलं. भक्तीवरून धीरावर गेले. धीरावरून तासन् तास गाड्या तुंबणाऱ्या सिल्क बोर्डच्या सिग्नलवर आले. "तिथं जो चिडत नाही त्याचं निम्मं तप झालंच समजा!" सभागृह हसून लोटपोट.

इकडे अजित डाव्या बाजूने भोकं पाडत होता. प्रत्येक तारा त्याला पाठ होता. मधल्या निळाईतला ठळक ताऱ्यांचा पुंजका त्याने अगदी बरोबर उतरवला. मग त्याने उजवीकडे पाहिलं आणि त्याच्या हातून दाभण गळालं. रत्नाबाईंनी पिशवीतला रांगोळीचा ठिपक्यांचा कागद पडद्याला लावला होता. पंधरा ओळी, ओळीत पंधरा ठिपके.

"अक्का! तारे रांगेत नसतात हो!"

"रांगेत असले तर त्यांचं काय वाईट होणारे? शिस्त दिसते. बरं, ध्रुव कुठं पाडू?"

अजितने खाली पडलेलं दाभण उचललं. "ध्रुव यात नाहीये. तो उत्तरेला, पार खाली. आपल्या गच्चीवरून तर टॉवरमागे झाकलेला असतो. मी स्वतः तिथून एकदाही बघितला नाही. हे आकाशच वेगळं."

"मग अण्णा बोट कशाकडे करणार? तुझ्या डोक्याकडे?"

"नसलेला तारा घालणं म्हणजे आमच्यात पाप आहे, अक्का."

"आणि लाल होतं ते सोनेरी केलंस ते?"

"ती पद्धत..."

"सरी, ठीक. ही माझी पद्धत." आणि त्यांनी वरच्या अंगाला दाभण घालून असं गरगर फिरवलं की वाटाण्याएवढा ध्रुव उगवला.

बाहेर नामगजर झाला, अण्णांना हार घातला गेला, बुक्का लागला आणि उत्तररंग सुरू झाला. मखमली पडदा सरकला. सभागृहातले दिवे मालवले, मागचा दिवा लागला. "आहाहा!" असा एकच आवाज उठला. अण्णांनीही वळून बघितलं आणि क्षणभर चाल विसरले.

मग वरचे पंखे कुणीतरी वाढवले. फ्लेक्स फुगला. सारं नक्षत्रमंडळ डोलायला लागलं आणि सगळ्यांत जास्त डोलला तो ध्रुव.

"अढळ!" अण्णा म्हणाले. ध्रुव दीड फूट उजवीकडे गेला. पुढच्या रांगेत खसखस पिकली.

अजितने मागे पडलेलं स्टूल ओढलं, एका हातात मोबाइलची टॉर्च घेतली आणि दुसऱ्या हाताने त्या भोकाभोवतीचा फ्लेक्स घट्ट धरला. स्टुलाचा एक पाय आखूड होता. दोन्ही पाय टेकले की ते डुगडुगायचं; डाव्या पायावर उभं राहिलं तरच स्थिर. राहिला उभा. घरी त्याच्या दुर्बिणीखाली एक यंत्र होतं, ते तीन-तीन तास तारा तसूभर हलू द्यायचं नाही. आज ते यंत्र तोच होता.

पलीकडे अण्णांच्या आख्यानातलं लेकरू अरण्यात एका पायावर उभं राहिलं. ऊन झालं, पाऊस झाला. अजितच्या कानाशी डास आला. त्याने ध्रुव हलू दिला नाही. खांदा भरून आला. हलू दिला नाही. सहा वर्षं कीर्तन ऐकलं ते खुर्चीवरून, कधी संपतंय म्हणून घड्याळ बघत. आज घड्याळ बघायला हातच मोकळा नव्हता. 'मांडीवर जागा मागितली होती रे, एवढीशी,' असं अण्णा गायले तेव्हा त्याचे डोळे भरले आणि पुसायचीही सोय नव्हती.

ध्रुव मात्र हलला नाही. आरतीपर्यंत नाही.

दिवे लागले, लोक प्रसादाला वळले. अण्णा हार काढत, ध्रुव कुणी धरला होता ते बघायला पडद्यामागे आले. बघतात तो जावई स्टुलावर एका पायाने उभा, हात वर, शर्ट घामाने चिंब, टॉर्च अजून चालूच.

"अहो, हे काय..."

"अण्णा," अजित म्हणाला, "चूक झाली होती. तारे घरीच राहिले. उतरतो आता." आणि उजवा पाय खाली टाकायला गेला. पण डावा पाय केव्हाच बधिर झाला होता. स्टूल एकीकडे गेलं, अजित दुसरीकडे. अण्णांनी सावरायला हात पुढे केले आणि दोघंही धप्पकन सतरंजीवर बसले. अण्णा खाली, आणि त्यांच्या मांडीवर पंचाऐंशी किलोचा जावई.

पगडी घरंगळत रत्नाबाईंच्या पायाशी गेली. त्या दोघांकडे बघत राहिल्या, हसू दाबत.

"अरे अजित," अण्णा कण्हत म्हणाले, "ऊठ की रे आता!"

"उठतो, अण्णा," अजित म्हणाला. "पायाला मुंग्या आल्यात. स्वल्प थांबा."