डावीकडं वळणारी नीळ

जिती सवत परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं. मेलेलीला गळ्यात घालून हिंडावं लागतं. माझ्या गळ्यात बजाबाईचा टाक व्हता, चांदीचा, अंगठ्याच्या नखाएवढा, वर बाईचं चित्र ठोकलेलं. बजाबाई म्हणजे मालकांची पयली बायको. बाळंतपणात गेली अन् लेकरूबी संगं घेऊन गेली. पुढच्या सालात त्येंनी मला ह्या घरात आणली.

नवं लुगडं आलं की आदी टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. सणाचा पयला घास तिचा. साबणाची पयली वडीबी तिचीच. त्या वडीनं टाक धुवायचा, धुतलेला टाक ओठाला लावायचा, मगच बाकीच्या वड्या बाजारात न्यायच्या. ही रीत आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूची. मी तोंडानं निमूट करायची अन् मनातनं दात खायची.

आमचं घर साबणावर चाललं व्हतं. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या साली मालक मिलमधनं सुटले. लोक परदेशी साबण हातात धरीनात, म्हणून मालकांनी अन् बजाबाईनं घरीच साबण शिजवायला घेतला. करडईचं तेल अन् खोबरेल लोखंडी कढईत तापवायचं, त्यात कास्टिक सोड्याचं पाणी सोडायचं अन् घोटत बसायचं. आदी ताकागत पातळ, मग पिठल्यागत, मग घट्ट. तुपागत चमक आली की उतरवायचं. निम्म्यात नीळ कालवायची, निम्मं पांढरं ठेवायचं. लाकडी पेटीत एक डाव निळं, एक डाव पांढरं टाकायचं अन् गरम हाय तवर तुरकाठी फिरवून वरच्या अंगाला भोवरे काढायचे. निवलं की काठी हलत न्हाय.

बजाबाई डावरी व्हती. तिचे भोवरे डावीकडं वळायचे अन् मंगळवार पेठेतल्या बाया त्या वळणावरनं आमचा साबण वळखायच्या. मी उजव्या हाताची, माझी काठी उजवीकडं फिरते. दिवेलागणीला उजवीकडं भोवरे काढून पेटीवर गोणपाट टाकायची. सकाळी गोणपाट उचललं की सगळी नीळ डावीकडं वळलेली असायची.

मालक म्हणायचे, साबण निवताना सरकतो, त्यानं व्हत आसंल. सरकतो तर सगळे भोवरे एकाच बाजूला कसे सरकतात, असं इचारलं की बिडी घेऊन भाईर जायचे. एकदा बाजारात एका बाईनं वडी उचलली, वास घेतला अन् म्हणली, "बजीचा हात हाय की."

"बजी मेली," मी म्हणलं. "हात माझा हाय."

ती माझ्या गळ्यातल्या टाकाकडं बगत वडी घेऊन गेली. त्या दिवशी माझा लई संताप झाला. राबायची मी, अन् नाव तिचं.

मग मला लेक झाली, गोदी. माहेरी अक्कलकोटला बाळंत होऊन मी परत आले, अन् संतापाच्या जागी भ्या येऊन बसलं. बजाबाईचं लेकरू जगलं न्हाय. आता ती माझी गोदी न्यायला टपून हाय, असं माझ्या मनानं पक्कं घेतलं. गोदी पाळण्यातनं चुलीच्या कोपऱ्याकडं बगून हसायची, अन् तितं कुणी नसायचं. कदी पाळण्याची दोरी माझ्या हातात नसताना पाळणा हलायचा. मी पाळण्याखाली ईळा ठेवला, पोरीला काजळाची तीट लावली, तरी जीव थाऱ्यावर यीना. गरम साबणातनं जिचा हात फिरतो, तिला पाळण्यातलं लेकरू उचलायला काय अडचण हाय?

म्हणून ठरवलं, हिला घरातनं घालवायची तर आदी हिच्या हातातली काठी काढून घ्यायची.

गोदीसाठी येगळा साबण शिजवायला घेतला, नुसत्या खोबरेलाचा. घट्ट साबणात माझी काठी अडकायची, वळण अर्धं ऱ्हायचं. त्या अर्ध्या वळणातनंच ती शिरते, असं माझ्या डोस्क्यात बसलं व्हतं. म्हणून ह्या खेपेला साबण पिठल्यागत असतानाच कढई उतरवली. नीळ कशी सरसर फिरली. असले देखणे भोवरे माझ्या हातनं कदी पडले नव्हते. गोणपाट टाकलं अन् वर पाटा ठेवला.

सकाळी बगितलं तर भोवरे उजवीकडंच व्हते. एकबी हललेला नव्हता. मी तितंच बसून हसले, मग मला रडू आलं. गेली एकदाची, म्हणलं. गळ्यातला टाक काढून खुंटीला अडकवला. पयली वडी आज सवतीची न्हाय, माझ्या लेकीची.

न्हाणीत पाय पसरून बसले अन् गोदीला पायावर घेतली. आत्याबाई पाणी घालायला तांब्या घेऊन उभ्या. त्येंनी माझा मोकळा गळा बगितला. वडी भिजवून मी दोन्ही हातांवर चोळली. फेस थोडाच आला, हात मात्र बुळबुळीत झाले. आता पोरीच्या पाठीला लावणार, तेवढ्यात गळ्याशी गार लागलं.

टाकाचा भार. रोज असतो तितंच. टाक तर समोर खुंटीला लोंबत व्हता, मला न्हाणीतनं दिसत व्हता. तरी माझा हात सवयीनं गळ्याशी गेला, बोटांत कायतरी गार धरल्यागत झालं अन् तीच बोटं ओठाला लागली.

ओठ पेटला. जिभंला असा चटका बसला की डोळ्यांतनं पाणी आलं. बोटं धुवायला तांब्यात घातली, तर तीबी चुरचुरायला लागली व्हती. आत्याबाईंनी पोरीला उचलून कोरडीच पदरात घेतली. त्या मूळच्या दुधनीच्या, घाबरल्या की कानडीत बोलायच्या. कानडीत कायतरी पुटपुटत त्येंनी वडी जिभंच्या टोकाला लावली अन् लगेच थुकल्या.

"कच्चा हाय, सोजरे. कास्टिक तसंच हाय ह्यात. पोरीची कातडी सोलून निघाली असती."

मी घाईनं दोन्ही हात पाण्यात बुडवले.

"बजी दर खेपंला पयली वडी जिभंला लावून बगायची," त्या म्हणल्या. "चटका बसला तर पुन्ना शिजवायची. तुला टाक धुऊन ओठाला लावायला सांगितलं ते कशापायी? नुसतं देवाचं समजून करत व्हतीस व्हय?"

"पण आज भोवरे उजवीकडं व्हते, आत्याबाई. ती आलीच न्हाय."

"कच्च्या साबणाला बजी कशाला हात लावंल?"

मी खुंटीकडं बगत ऱ्हायले. इतके दिस डावीकडं वळलेली नीळ बगून मी जळत व्हते. ती आपली येऊन साबण बगून जात व्हती, शिजलाय का न्हाय ते. अन् आज साबण कच्चा म्हणून तिनं पेटीला हात लावला न्हाय, माझ्या गळ्याला लावला. मला लाज वाटली. तिच्या पाळण्यात लेकरू कदी निजलंच नव्हतं, अन् माझ्या लेकराला ती अशी जपत व्हती.

उठून टाक गळ्यात घातला. सगळ्या वड्या किसल्या, पाणी घालून कढईत टाकल्या अन् चूल पेटवली. निळं अन् पांढरं एक होऊन फिकट आभाळी झालं. ह्या बारीला घाई केली न्हाय. पिठल्यागत झालं, घट्ट झालं, तुपाची चमक आली, मग बोटभर निववून जिभंला लावलं. चटका न्हाय. तवा कढई उतरवली, निम्म्यात आणखी नीळ कालवली अन् पेटी भरली.

तुरकाठी डाव्या हातात धरली. त्या हाताला सवय नव्हती, काठी अडकत व्हती. वेडेवाकडे भोवरे पडले, पण सगळे डावीकडं वळवले. "बजाबाई, ह्यो घ्या तुमचा साबण," मी म्हणलं. "पोर तेवढी माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

रातभर गोदीला कुशीत घेऊन पडले. पाळणा रिकामाच व्हता अन् हलत नव्हता.

सकाळी गोणपाट उचललं. माझी वेडीवाकडी वळणं कुटंच नव्हती. गडद नीळ फिकट निळ्यातनं सुरेख फिरली व्हती, अन् प्रत्येक भोवरा उजवीकडं वळला व्हता, माझ्या काठीचा वळतो तसा.

आत्याबाईंनी बगितलं अन् त्या मागं सरकून उंबऱ्यावर बसल्या. मी पयल्या वडीनं टाक धुतला, ओठाला लावला. गोडं पाणी प्याल्यागत वाटलं. मग न्हाणीत पाय पसरून गोदीला पायावर घेतली. पोरगी चुलीच्या कोपऱ्याकडं बगून हसायला लागली.

आत्याबाई तांब्या घ्यायला उठत व्हत्या, त्येंना मी हातानं थांबवलं. कोपऱ्याकडं बगितलं अन् म्हणलं, "या बजाबाई. मी साबण लावते, पाणी तुमी घाला."