भिंतीपलीकडचं लाटणं

वरळीच्या बीडीडी चाळीतून टॉवरमध्ये आल्यावर कौसल्याचं सगळंच भलं झालं. घरात संडास आला, खिडकीत समुद्राची एक निळी चिंधी आली, आणि भिंती अशा जाड आल्या की शेजारी कुणी मेलं तरी आपल्या वरणाची उकळी थांबू नये. फक्त तिचा धम्मपाल, वयाने तिशीचा आणि समजेने चार-पाच वर्षांचा, स्वतःच्या गालावर मुठी मारून घ्यायला लागला. गाल काळानिळा झाला. एवढ्या सुखाला दृष्ट लागू नये म्हणून घराने लावलेली तीटच ती.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. कान, दात सगळं तपासून घेतलं. दुखणं सापडेना.

"घरात काही बदल झालाय का हल्ली?"

"नाही हो बाई. उलट चांगलंच चाललंय. टॉवरमध्ये घर मिळालं."

"अरे वा, अभिनंदन!" म्हणत बाईंनी गोळी लिहून दिली.

गोळीने मुठी ढिल्या पडल्या, आणि मुठींबरोबर धम्मपालही. तोंडात घास धरून तो बसल्या बसल्या झोपायचा, हनुवटीवरून लाळ ओघळायची. इमारत मात्र खूश होती. सोसायटीचा सेक्रेटरी हितेंद्र लिफ्टमध्ये म्हणाला, "मावशी, गोळी एकदम भारी हां! पोरगा कसा शांत झालाय. नाव द्या ना, आमच्या सासूबाईंसाठी विचारतो."

पण थोड्याच दिवसांत मुठी पुन्हा उठल्या, त्या आता थेट डोळ्याशेजारी. असाच एखादा ठोसा वर्मी बसला तर डोळा जाईल, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोमवारी बघू. नाहीच थांबलं तर डोस वाढवावा लागेल." म्हणजे डोळा वाचवायचा तर तो मिटलेला ठेवायचा. कौसल्या कणीक तिंबत गुणगुणत राहिली:

घर मिळालं गं बाई, आभाळाच्या कडेकडे,
माझ्या लेकराची हाक, कुणाच्या गं कानी पडे

रविवारी सुभद्रा आली. चाळीत ती भिंतीपलीकडे राहायची. लॉटरीत तिला नेमकं कौसल्याच्या डोक्यावरचं घर लागलं होतं, पण गुडघ्याच्या औषधासाठी ती इतके दिवस कणकवलीला गावी जाऊन राहिली होती.

"काय गो कौसल्या, पोराच्या तोंडाक काय झाला ह्या?"

कौसल्या सांगू लागली. तेवढ्यात ताटं वाढलेली बघून धम्मपाल जड पायांनी उठला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याने तळहात आपटला. थप, थप, थप. मग कान लावून थांबला. भिंत नवी होती, महागाची होती, ती कशाला बोलतेय? त्याने मूठ वळून गालावर उचलली.

सुभद्राने झडप घालून ती धरली. "अरे मेल्या, मी थंय नाय आता, वर रवतंय!"

कौसल्याच्या हातातली पळी तशीच राहिली. चाळीत जेवायच्या वेळी हा भिंतीवर थापटायचा, पलीकडून पोळ्या लाटता लाटता सुभद्रा लाटणं आपटून उत्तर द्यायची, हा खदखदून हसायचा आणि मग घासाला तोंड उघडायचा. वर्षानुवर्षं. इतकं रोजचं, की ते कुणी आठवणीत ठेवलंच नव्हतं.

सुभद्रा गुडघे चोळत वर गेली. थोड्या वेळाने छतातून आवाज आला. टक, टक, टक.

धम्मपालने मान वर केली. कौसल्याने जळमटं काढायची काठी त्याच्या हातात दिली.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "लाटण्याच्या भरवशावर गोळी एकदम बंद नाही करता येत हं. पण वाढवायची गरजही दिसत नाही. असंच राहिलं तर हळूहळू कमी करू. पण हे आधी का नाही सांगितलंत?"

"बाई, तुम्ही बदल विचारलात. मला वाटलं, काही वाईट झालंय का विचारताय."

गोळी खरंच अर्ध्यावर आली. तेव्हा ऐन जेवणाच्या वेळी हितेंद्र दारात उभा राहिला.

"मावशी, छतावर काठी ठोकणं नियमात बसत नाही. लोकांना त्रास होतो."

"तोंड फोडून घ्यायचा तेव्हा?"

"तेव्हा... तेव्हा आवाज येत नव्हता ना."

"मग त्या न येणाऱ्या आवाजाचाही एक नियम करून आणा साहेब, आम्ही दोन्ही पाळू."

आतून काठी वाजली. वरून लाटणं बोललं. धम्मपाल खदखदून हसला आणि उघड्या डोळ्यांनी, उघड्या तोंडाने घासाची वाट बघू लागला. कौसल्याने दार लोटलं. त्याच्या गालावरचा निळा डाग आता पिवळा पडून विरत चालला होता. तीट पुसली जात होती. घराला दृष्ट लागली तर लागो.